जर्मनी व्हाया भोसरी

परदेशातून परत आलेल्या माणसाला लोक तीनच प्रश्न विचारतात. बर्फ पाहिला का? खर्च किती आला? आणि तिकडंच नोकरी लागते का? कॅंटीनमध्ये, कट्ट्यावर, जर्नल लिहिता लिहिता लायब्ररीत, सगळीकडं हेच तीन. माझी उत्तरंही आता पाठ झालीत. पाहिला. बराच आला. भाषा आली तर लागते. संपला विषय!

चौथा प्रश्न फक्त एका माणसानं विचारला. मुंबईहून बसनं निगडीला उतरलो, तिथून रिक्षा केली. माझी मोठी बॅग मांडीवर घेऊन बसलेल्या पप्पांनी तब्येत, विमान, जेवण वगैरे विचारून झाल्यावर हळूच विचारलं, "तिकडं लेथ कुठल्या मेकचा होता रे?"

"वायलर," मी म्हणालो.

"कसा होता?"

मी म्हणालो, "चांगला होता." आणि गप्प बसलो. कारण त्यापुढं मला काही सांगताच येत नव्हतं. सहा महिने जर्मनीत राहून आलेला मेकॅनिकलचा विद्यार्थी, आणि एका लेथबद्दल दुसरं वाक्य नाही! हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर समजा.

आधी थोडी पार्श्वभूमी. आम्ही मोशीला राहतो. पप्पा भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या शेडमध्ये टर्नर आहेत, गेली सव्वीस वर्षं. सहा मशिनं, आठ माणसं. तिथं बनलेले बुश चाकणच्या एका व्हेंडरकडं जातात आणि तिथून असेंब्लीला लागून मोठ्या कंपनीच्या गेटातून आत जातात. पप्पांनी ते गेट बाहेरून पाहिलंय. मीसुद्धा. कॉलेजात कोणी "वडील काय करतात?" विचारलं, की मी सांगायचो, "ऑटो सेक्टरमध्ये आहेत." हे काही खोटं नव्हतं. पण ते मी का तसं सांगायचो, हे मला माहीत होतं.

एक्स्चेंजसाठी निवड झाली तेव्हा घरात पेढे वाटले आणि दुसऱ्याच दिवशी हिशेब सुरू झाला. एक्स्चेंजमध्ये तिकडच्या विद्यापीठाची फी भरावी लागत नाही हे खरं, पण राहण्याखाण्याचे पैसे आपल्याकडं आहेत हे व्हिसासाठी आधीच दाखवावं लागतं. २०२४ च्या सप्टेंबरपासून तो आकडा महिन्याला ९९२ युरो झाला. सहा महिन्यांचे जवळजवळ सहा हजार युरो, म्हणजे तेव्हाच्या भावानं साडेपाच लाखांच्या आसपास. ते एका खास खात्यात अडकवून ठेवायचे आणि तिकडं गेल्यावर दर महिन्याला ठरावीक रक्कम काढायची. पप्पांनी पीएफमधून उचल घेतली, उरलेले मामानं दिले. त्या खात्यातून पैसे काढताना दर महिन्याला मला पीएफ काढणारा माणूस दिसायचा. म्हणून मी बाहेरची कॉफी पहिले दोन महिने प्यायलोच नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मी ब्राउनश्वाइगला पोचलो. गाव जुनं, शांत. पहिल्या रविवारी बाहेर पडलो तर सगळी दुकानं बंद! मला वाटलं कर्फ्यू लागला की काय. मग कळलं, रविवारी तिकडं असंच असतं. म्हटलं, हे तर आपल्या गुरुवारसारखंच झालं. फरक एवढाच, की आपल्या एमआयडीसीचा गुरुवार वीज वाचवायला आला आणि त्यांचा रविवार देवाच्या नावानं. रिकामी बाटली दुकानातल्या मशिनमध्ये टाकली की पंचवीस सेंट परत मिळतात, हे कळल्यावर मी रूममेटच्याही बाटल्या जमा करायला लागलो. लेक्चर संपलं की मुलं टाळ्या वाजवत नाहीत, बोटांच्या पेरांनी बाकावर टकटक करतात. आणि मार्क! तिकडं १.० म्हणजे सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे काठावर पास. पहिल्या परीक्षेत १.७ मिळाले म्हणून मी आनंदानं घरी फोन केला, तर आईनं घाबरून विचारलं, "दहापैकी?"

असो. या गमती सगळेच सांगतात. मला जे सांगायचंय ते तिथल्या वर्कशॉपमध्ये घडलं.

आमचा एक लहानसा प्रोजेक्ट होता. चाचणीसाठी फिक्स्चर करायचं, दोन प्लेटा आणि मध्ये चार स्पेसर. डिझाइन माझ्याकडं. मी कॅडवर झकास मॉडेल केलं, ड्रॉइंग काढलं आणि प्रत्येक मापाला ±०.०१ टॉलरन्स देऊन टाकला. जितका बारीक टॉलरन्स, तितका इंजिनिअर भारी, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. ड्रॉइंग घेऊन वर्कशॉपच्या माइस्टरकडं गेलो. माइस्टर म्हणजे तिकडचा उस्ताद कारागीर. साडेतीन वर्षं शिकाऊ म्हणून काम, मग नोकरीचा अनुभव, मग माइस्टरची वेगळी परीक्षा. पन्नाशीचा माणूस, खिशात व्हर्निअर, चष्मा कपाळावर.

त्यानं ड्रॉइंग पाहिलं आणि स्पेसरच्या बाहेरच्या व्यासावर बोट ठेवलं. "हा कशाला टेकतो?"

मी पाहिलं. कशालाच टेकत नव्हता. सगळीकडून हवाच.

"मग हवेला शंभरावा भाग कशाला हवा?"

मी हसलो. तो हसला नाही. त्यानं पुढं विचारलं, "हे कोण करणार? कशावर करणार? किती वेळ लागेल?" मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. एच सेव्हन, जी सिक्स सगळं पाठ होतं. पंचवीस मिलिमीटरच्या भोकाला एच सेव्हन म्हणजे एकवीस मायक्रॉन, हे मी झोपेतसुद्धा सांगितलं असतं. पण ते एकवीस मायक्रॉन हातानं मिळवायचे म्हणजे काय, हे मला माहीत नव्हतं. त्यानं मला ॲप्रन दिला आणि लेथवर उभं केलं. म्हणाला, "एक तू कर."

खरं सांगतो, माझे हात थरथरत होते. फर्स्ट इयरचं वर्कशॉप आठवलं. आपल्यातले बहुतेक जण फिटिंगचा जॉब कसा 'सबमिट' करतात ते इथं वेगळं लिहायला नको. माझा जॉब वर्कशॉपच्या मामांनी घासून दिला होता आणि मी त्यावर फक्त रोल नंबर पंच केला होता. त्या जॉबला मला पंचवीसपैकी तेवीस मिळाले होते! ते तेवीस मार्क त्या दिवशी ब्राउनश्वाइगमध्ये माझ्यासमोर उभे राहिले.

पहिला स्पेसर बिघडला. दुसरा बिघडला. तिसरा जमला. हात पुसता पुसता माइस्टरनं सहज विचारलं, "वडील काय करतात?"

माझं नेहमीचं "ऑटो सेक्टर" ओठावर आलं होतं. पण हातात तो स्पेसर होता. म्हणालो, "टर्नर आहेत. सव्वीस वर्षं."

त्या माणसाचा चेहरा एकदम उजळला. वर्कशॉपमधल्या दुसऱ्या माणसाला हाक मारून त्यानं सांगितलं, याचे वडील टर्नर आहेत म्हणून. आणि मग माझ्याकडं वळून अगदी निरागसपणे विचारलं, "मग तुला हे कसं येत नाही?"

मित्रांनो, या प्रश्नाला माझ्याकडं अजूनही धड उत्तर नाही. शाळेत असताना मी शेडवर डबा द्यायला जायचो. दारातूनच परत यायचो, कपड्यांना कूलंटचा वास लागतो म्हणून. पप्पाही म्हणायचे, "तू अभ्यास कर, इकडं येऊ नको." त्यांना वाटायचं, मुलानं या वासापासून लांब जावं. आणि मी खरोखरच इतका लांब गेलो, की लेथ शिकायला मला साडेपाच लाख घेऊन जर्मनीला जावं लागलं.

प्रोजेक्टच्या शेवटच्या प्रेझेंटेशनला प्रोफेसरांनी माइस्टरला बोलावलं होतं. तो मागं उभा वगैरे नव्हता, प्रोफेसरांच्या शेजारी खुर्चीवर होता. सगळ्यात अवघड प्रश्न त्यानंच विचारले. आपल्याकडं व्हायवाला एखाद्या वर्कशॉपच्या मामांना एक्स्टर्नलच्या शेजारी बसवलेलं कुणी पाहिलंय का?

आता लगेच कोणी म्हणेल, आला हा जर्मनीचे गोडवे गायला. तसं नाही. तिकडं सगळं सोन्याचं आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. बऱ्याच ठिकाणी दहाव्या-अकराव्या वर्षीच मुलांच्या शाळा वेगळ्या होतात, पुस्तकाकडं जाणारी एका वाटेला आणि हातकामाकडं जाणारी दुसऱ्या. हे मला पटलं नाही. खोली शोधताना आपलं नाव वाचून उत्तरच न देणारे घरमालकही भेटले. आणि त्याच डिसेंबरात तिथल्या सगळ्यात मोठ्या कार कंपनीत लाक्षणिक संप झाले. २० डिसेंबर २०२४ ला तडजोड झाली, त्यात २०३० पर्यंत पस्तीस हजारांहून जास्त नोकऱ्या कमी करायचं ठरलं. फोनवर पप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हंजे तिकडंबी?" तिकडंही. फरक मला एवढाच दिसला, की तिथला कामगार आपलं काय होणार याच्या चर्चेत टेबलाच्या एका बाजूला बसला होता. चाकणला कॉट बेसिसवर राहून 'ट्रेनी' या नावाखाली तेच काम करणाऱ्या पोरांना तो दिवस कधी दिसणार?

त्याच हिवाळ्यात आम्ही वोल्फ्सबुर्गला गेलो, ब्राउनश्वाइगपासून जेमतेम अर्ध्या तासाच्या आत. हे शहर १९३८ मध्ये कार कारखान्यासाठीच वसवलं. कालव्याच्या काठी वीजघराची चार धुराडी. तिथली एक गंमत सांगतो. फोक्सवागेन कंपनी स्वतःच्या कॅंटीनसाठी स्वतःच सॉसेज बनवते आणि त्या सॉसेजला चक्क पार्ट नंबर आहे, १९९ ३९८ ५०० ए! मी काही ते खाल्लं नाही, पण पार्ट नंबर वहीत लिहून घेतला. याच कंपनीचा चाकणचा कारखाना ३१ मार्च २००९ ला सुरू झाला. आमच्या घरापासून तो पंधरा-सोळा किलोमीटरवर आहे. म्हणजे चाकण आतून न पाहता मी सहा हजार किलोमीटरवर जाऊन त्याचं माहेर पाहत होतो. आमच्यातल्या एका स्पॅनिश मुलानं विचारलं, "तुमचं चाकण कसं आहे?" मी काय सांगितलं असेल? म्हणालो, "ट्रॅफिक खूप असतो."

बस्स. एवढंच सांगता आलं. तेव्हा पहिल्यांदा 'एक्स्चेंज' या शब्दाचा अर्थ डोक्यात शिरला. एक्स्चेंज म्हणजे अदलाबदल. मी घेतलं तर भरपूर. दिलं काय? 'इंडियन इव्हनिंग'ला पाकिटातले गुलाबजाम!

आपल्या पुण्याच्याच इरावती कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला शिकायला गेल्या. तेव्हा तिकडं जाणं म्हणजे काय असेल याची कल्पना करा. त्यांचे मार्गदर्शक ऑयगन फिशर हे युरोपीय वंश इतरांपेक्षा वरचढ आहे असं मानणारे. कवट्यांच्या मोजमापातून ते दिसेल, ही अपेक्षा. इरावतीबाईंनी मोजमाप केलं आणि प्रबंधात लिहिलं, की तसं काही दिसत नाही. १९३० मध्ये डॉक्टरेट घेऊन त्या परत आल्या. गुरूसमोर, परक्या देशात, जे मोजलं तेच लिहायचं, ही त्यांनी तिकडं दिलेली गोष्ट. आपण सगळे इरावतीबाई नाही, कबूल. पण निदान आपल्या गावात काय बनतं, कोण बनवतं आणि कसं बनवतं, एवढं तरी जाताना बरोबर न्यायला नको का?

आणि आपल्या गावाकडं सांगण्यासारखं काय कमी आहे? पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये उभी राहिली. टेल्कोचं इथलं काम १९६६ मध्ये सुरू झालं ते मशीन टूल विभागापासून. पुण्याच्या कारखान्यातून पहिली व्यावसायिक गाडी बाहेर पडली १९७७ मध्ये. मधली अकरा वर्षं बघा! आधी अवजारं आणि ती चालवणारे हात तयार केले, मग गाडी. माइस्टरकडं जे शिकायला मी ब्राउनश्वाइगला गेलो, ते याच पट्ट्यात लोकांना माहीत होतं. विसरलो ते आपण, इंजिनिअरिंग कॉलेजवाले. आपल्या खिडकीतून शेडचे पत्रे दिसतात आणि इंटर्नशिपचं सर्टिफिकेट मात्र आपण दिवसभर एसीत बसून, किंवा न बसताच, मिळवतो.

परत आल्यावर पहिल्या गुरुवारी पप्पा घरी होते. शुक्रवारी मी त्यांच्याबरोबर शेडवर गेलो. दारातून परत न येता, आत. पप्पा आधी जरा अवघडले. मग म्हणाले, "बूट घाल, चप्पल नको." दिवसभर मी त्यांच्या मशिनजवळ उभा होतो. चिपेचा रंग निळा व्हायला लागला की ते हात न लावता सांगायचे, टूल गरम झालंय. कटचा आवाज बदलला की मान वर न करता फीड कमी करायचे. फिनिश बघायला नखाची कड फिरवायचे आणि मग मोजायचे. मोजमाप नखाला दुजोरा द्यायचं.

दुपारी डबा खाताना त्यांनी एक ड्रॉइंग दाखवलं. एका बुशवर नको तिथं फार बारीक टॉलरन्स होता. त्यापायी तो पीस ग्राइंडिंगला पाठवावा लागतो, खर्च वाढतो, रिजेक्शन वाढतं. "वरनं येतं ते. कुणीतरी तुझ्यासारखाच पोरगा काढत असंल," ते म्हणाले. "तीन वर्सं झाली. सांगायचं कुणाला? ड्रॉइंगवर फोन नंबर नसतो."

हवेला शंभरावा भाग! माझ्या स्पेसरसारखाच. फरक एवढाच, की मला विचारणारा माइस्टर भेटला आणि त्या ड्रॉइंगवाल्याला माझ्या पप्पांना भेटायची सोयच नाही. तो कदाचित पंधरा किलोमीटरवर बसत असेल. त्याला हेसुद्धा माहीत नसेल, की आपल्या एका बारीक आकड्यापायी भोसरीत कोणाचा तरी ओव्हरटाइम जातोय.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. एक्स्चेंजला जरूर जा. आज जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांत सगळ्यात जास्त आपलेच आहेत, तेव्हा तुम्हीही जालच. पण जाण्याआधी पंधरा दिवस भोसरीच्या किंवा चाकणच्या एखाद्या छोट्या शेडमध्ये काढा. सर्टिफिकेटसाठी नाही, हात काळे करायला. परत आल्यावर सेमिनार हॉलमध्ये फोटोंचा स्लाइड शो नको. तिथं काय चुकलो ते सांगा, ज्युनिअर्सना तेच उपयोगी पडेल. वर्षातून एका तरी व्हायवाला एखाद्या अनुभवी टर्नरला, टूलरूमच्या फोरमनला खुर्ची द्या आणि प्रश्न विचारू द्या. तिकडून कोणी मुलगा-मुलगी इकडं आली, तर त्यांना सिंहगड-शनिवारवाडा दाखवाच, पण एक दिवस शेडवरही न्या. अदलाबदल होऊ दे. आपल्याकडं देण्यासारखं आहे. आपणच ते कधी पाहिलेलं नाही.

कोणी म्हणेल, सिलॅबसच पुरा होत नाही, हे कधी करायचं? ठीक आहे. मग निदान घरी जा आणि आईवडिलांना त्यांच्या कामाबद्दल एक प्रश्न विचारा. खरा प्रश्न. उत्तर माहीत नसलेला. आपल्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरात कोणी ना कोणी याच पट्ट्यात पाळी करतंय. मी एकवीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

पप्पांना आता मी वायलरबद्दल सगळं सांगितलंय. स्पिंडल कसा होता, रीडआउट कसा होता, ब्रेक पायाजवळ कसा होता. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "आणि तो उस्ताद? त्याला किती वर्सं झाली?" तीस, मी म्हणालो. पप्पांनी मान हलवली. "मग बरोबर."

पुढच्या बॅचला जाणाऱ्यांनो, जर्मनीतला पत्ता तुम्हाला कोणीही देईल. भोसरीचा पत्ता माझ्याकडून घ्या. गुरुवार सोडून कधीही.

– अंतिम वर्ष, मेकॅनिकल